कोपऱ्याला पंख फुटलेली शंभराची नोट

सप्रेम नमस्कार. नंदगडात आमचं लहानसं किराणा दुकान आहे. लग्नसराईत आहेराला लागतात म्हणून बँकेतून शंभराची कोरी गड्डी आणली होती. त्यातल्या एका नोटेचा उजवीकडचा खालचा कोपरा दुमडून आला होता. घडी उघडली तर जादाचा तिकोनी कागद बाहेर आला, नोटेला पंख फुटल्यासारखा. खालचा नंबरही अर्धाच छापलाय. आमचे मालक म्हणाले, ‘कात्रीनं काप आणि गल्ल्यात टाक की.’ भाच्यानं मोबाईलवर बघून सांगितलं, असल्या नोटेला पाच लाख येतात. त्यानं एका नंबरवर फोटो पाठवला, तर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं पत्र आलं आणि नोंदणीचे म्हणून १,१५० रुपये मागितले. पोरानं भरले. आता जीएसटीचे म्हणून आणखी नऊ हजार मागताहेत. शिवाय दुकानात पाचशेची एक नोट आलीय, तिच्या नंबरात चांदणी आहे. खोटी म्हणून कोणी घेत नाही. आणि आमचे आजेसासरे म्हापशाला बेकरीत कामाला होते, त्यांच्या ट्रंकेत पोर्तुगीज अक्षरांची एक नोट सापडली. ह्या तिन्हींचं काय करू? सोबत फोटो पाठवलेत.
— एक दुकानदार, नंदगड (ता. खानापूर)

ताई, तीन नोटांबद्दल विचारलंत, पण मी आधी भाच्याबद्दल लिहिते, कारण तिथं वेळ घालवून चालणार नाही.

ते नऊ हजार भरू नका. आजच १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच क्रमांक आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं लवकर गोठवलं गेलं तर काहीतरी परत मिळण्याची आशा असते. यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, ते पत्र, झालेलं सगळं बोलणं तसंच ठेवा, मोबाईलमधून काही पुसू नका. त्या लोकांच्या सांगण्यावरून एखादं ॲप घेतलं असेल तर ते काढून टाका, यूपीआयचा पिन बदला, तुमच्या बँकेलाही कळवा. मग खानापूरच्या ठाण्यात किंवा बेळगावच्या सीईएन ठाण्यात (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं पोलीस ठाणं) लेखी तक्रार द्या.

रिझर्व्ह बँक जुन्या किंवा वेगळ्या नोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि असं शुल्क घ्यायला तिनं कुणालाही नेमलेलं नाही. ४ ऑगस्ट २०२१ रोजी तिनं तसं जाहीर निवेदनच काढलं, कारण तिच्या नावानं नेमकी हीच फसवणूक चालू होती. तुमच्याकडून नोट विकत घेणारा माणूस तुम्हाला पैसे देईल. तुमच्याकडे आधी पैसे मागणाऱ्याला नोट नकोच आहे, मग तो नोंदणी म्हणो, विमा म्हणो की कर. आणि भाच्याला घालूनपाडून बोलू नका. मोठमोठी शिकलेली माणसं ह्यात अडकली आहेत; पोरगं घाबरून गप्प बसलं तर तक्रारीला उशीर होईल.

आता ती पंखाची नोट. फोटो आणि तुमचं वर्णन पाहता ती छपाईतली खरी चूक असावी असं मला वाटतं. संग्राहक हिला बटरफ्लाय म्हणतात. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. कसं ओळखायचं ते सांगते, घरीच पडताळून बघा.

विचित्र नोटेला जास्त किंमत येते ती एकाच कारणानं: तिचा विचित्रपणा छपाईखान्यात घडलेला असला पाहिजे. तिथून बाहेर पडल्यावर नोटेचं जे काही झालं, म्हणजे शाई सांडली, धुण्यात गेली, उन्हात विटली, कुणी खोडली, कापली, त्याला संग्राहक एक पैसा जास्त देत नाही. म्हणून प्रश्न ‘ही वेगळी दिसते का’ असा नसतो; ‘हे छपाईच्या कुठल्या टप्प्यावर झालं’ असा असतो. छपाईतल्या चुकीमागं नेहमी एक साधं यांत्रिक कारण सापडतं. ते कारण जुळत नसेल तर नोटेवर विश्वास ठेवू नये.

नोट एकेक करून छापत नाहीत. जलचिन्ह आणि सुरक्षा धागा कागद तयार होतानाच त्यात बसवलेले असतात. मोठ्या शीटवर अनेक नोटा एकदम छापल्या जातात: आधी पार्श्वभूमीची बारीक नक्षी, मग बोटाला खरखरीत लागणारी उठावाची छपाई, त्यानंतर नंबर, आणि सगळ्यात शेवटी कापणी. आपल्याकडं हे काम नाशिक, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधल्या सालबोनीच्या छपाईखान्यांत होतं. आता समजा, शीटचा एक कोपरा नंबर छापायच्या आधी दुमडला गेला. नंबराचा ठसा त्या दुमडीवर पडला. मग शीट तशीच दुमडलेली कापली गेली. कापणीच्या पात्यानं सरळ रेघेत कापलं, पण घडीच्या आत लपलेला कागद त्याच्या तावडीतून सुटला. तोच तुमचा पंख. त्यात शीटच्या कडेची पट्टी असते, एरवी कापून टाकली जाते ती. म्हणूनच हा दोष बहुतेक वेळा शीटच्या कडेला बसलेल्या नोटेलाच होतो.

ह्यातूनच तपासणी निघते. पंख जुन्या घडीवरूनच अलगद परत दुमडा, नवी घडी घालू नका. दुमडल्यावर नोट काटेकोर चौकोनी झाली पाहिजे, कारण ती ह्याच अवस्थेत कापली गेली होती. जांभळ्या शंभराच्या नोटेचं माप १४२ मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद. पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी लावून बघा. घडी घालूनही कोपरा बाहेर डोकावत असेल, किंवा माप कमी भरत असेल, तर कुणीतरी हात चालवलाय असं समजा.

मग नंबर. अर्धा नंबर गेला कुठं? कोपरा पुढच्या बाजूवर दुमडला असेल, तर त्याची पाठ वर आली आणि गेलेले अंक त्या पाठीवर छापले गेले. पंख उघडून नोट उलटी करा. अंक तिथं सापडले तर तुमच्या नोटेची गोष्ट पुरी जुळली. कोपरा मागच्या बाजूला दुमडला असेल तर अंक कागदावर पडलेच नाहीत, ते सापडणार नाहीत. पण मग छपाई बरोबर घडीच्या रेघेवर, सुरीनं कापल्यासारखी थांबलेली दिसेल. अंक हळूहळू पुसट होत गेले असतील किंवा घडीपासून थोडं अलीकडं-पलीकडं संपत असतील, तर ते कुणीतरी घासून काढले आहेत. दुकानात भिंग असेल तर त्या जागी कागदाचे धागे बघा. खोडलेल्या जागी ते उसवून वर आलेले असतात.

पार्श्वभूमीची नक्षीही तपासा. घडीच्या आतल्या भागात नक्षी पूर्ण असेल आणि फक्त नंबर तुटला असेल, तर कोपरा शेवटी, नंबराच्या वेळी दुमडला. नक्षीसुद्धा घडीवर तुटली असेल तर तो अगदी सुरुवातीला दुमडला होता. अशी नोट जास्त दुर्मीळ आणि जास्त देखणी असते. बघणाऱ्याला छपाईचा सगळा क्रम एका कोपऱ्यात वाचता येतो. मला ह्या नोटांचं आकर्षण आहे ते त्यासाठीच. शेवटी नोट उजेडाकडं धरा. पंख आणि नोट हा एकच अखंड कागद आहे ना? चिकटवलेला तुकडा असेल तर सांध्याची जाड रेघ दिसते.

तुमच्याकडं आणखी एक मोठा पुरावा असण्याची शक्यता आहे. नोट कोऱ्या गड्डीतून आली. गड्डी संपली नसेल, तर ह्या नोटेच्या नंबराआधीची आणि नंतरची नोट शोधून बाजूला ठेवा. पाठोपाठच्या तीन नोटा एकत्र असल्या की घेणाऱ्याला शंका घ्यायला जागा उरत नाही. त्या आहेरात गेल्या असतील तर जाऊ द्या, पण गड्डीवरची बँकेची कागदी पट्टी असेल तर ती तरी जपून ठेवा. नोट कधी, कुठून आली, हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.

कात्री लावू नका, हे तुमच्या मालकांना माझ्याकडूनही सांगा. कापली की ती अर्ध्या नंबराची सदोष नोट उरेल आणि बँकेच्या खिडकीवर तिचे शंभरच मिळतील. इस्त्री नको, टेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. स्वच्छ करायलाही जाऊ नका. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून चमक आणणारं द्रव्य असतं; तिच्यात धुतलेली नोट अतिनील दिव्याखाली निळसर झळकते आणि व्यापाऱ्याला ते क्षणात कळतं. नोट घडी न वाढवता साध्या कोरड्या कागदी पाकिटात, वहीत सपाट ठेवा. जाड प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या टाळा, त्यातल्या पीव्हीसीनं नोट काही वर्षांत चिकट होते. आपल्याकडं खानापूरच्या पावसात कपाटाला बुरशी येते हे तुम्हाला सांगायला नको. पाकीट वरच्या, हवेशीर कप्प्यात ठेवा.

किंमत? पाच लाख हे खोटं आहे. आजकालच्या शंभराच्या नोटेवरची अशी चूक शेकड्यांत विकली जाते. मोठी, स्पष्ट आणि कोरी असेल तर काही हजारांत. तुमची नोट बँकेतून थेट आलीय, हाताळलेली नाही, ही तिची जमेची बाजू. पंख किती मोठा, नंबर किती तुटलाय, नक्षी तुटलीय का, ह्यावर पुढचं ठरेल. मोबाईलवर ‘विक्रीला’ म्हणून लावलेले आकडे बघू नका, मागणारा काहीही मागतो. लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना गेली, तो आकडा खरा. लिलावगृहं ते निकाल उघड छापतात, त्यात ‘बटरफ्लाय’ शोधा.

विकायचीच असेल तर पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला नाणी-नोटांची प्रदर्शनं भरतात, तिथं एका जागी पुष्कळ व्यापारी सापडतात. नोट स्वतः घेऊन जा, हातात धरून दाखवा, तिघाचौघांचा भाव विचारा आणि पहिल्याच टेबलावर देऊन मोकळ्या होऊ नका. व्यापारी स्वतःचा नफा धरूनच भाव सांगणार, त्यात गैर काही नाही. पोस्टानं पाठवू नका, ‘तपासून परत देतो’ म्हणणाऱ्याकडं ठेवूही नका. पण नुसतं हिच्यासाठी भाडं खर्चून बेंगळुरू गाठू नका. दुसऱ्या कामानं जाणं झालं तर बघा. तिथं रिझवान रझाक यांनी उभारलेलं भारतीय कागदी चलनाचं संग्रहालय आहे, भाच्याला दाखवून आणा. चांगल्या नोटा एकदा डोळ्यांखालून गेल्या की मोबाईलवरची पाच लाखांची भाषा त्याला स्वतःलाच पटणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतर दुकानदारांसाठी दोन शब्द, कारण असली पत्रं बेळगाव, निपाणी, चिकोडीकडून बरीच येतात आणि बहुतेकांत चूक नसतेच. नंबराचे अंक डावीकडून उजवीकडं मोठे होत जातात, ही चूक नाही. २०१५ पासून सुरक्षेसाठी मुद्दाम तशी छपाई आहे. नोटेच्या मागं वर्ष नाही म्हणून ती दुर्मीळ ठरत नाही. २००५ च्या आधी वर्ष छापतच नव्हते. शंभराच्या दोन नोटा लहानमोठ्या दिसतात, कारण जुनी १५७ बाय ७३ मिलिमीटरची होती आणि जांभळी २०१८ पासूनची. जुन्या नोटेच्या मागच्या भाषापट्टीत भाषा कमी भरल्या तर तीही चूक नव्हे. आजच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत, इंग्रजी नावांच्या वर्णक्रमानं लावलेल्या: कन्नड चौथी, मराठी आठवी, आणि मधे सहावी कोकणी. आपल्या भागात घराघरात बोलल्या जाणाऱ्या तिन्ही भाषा एका पट्टीत मावल्यात, हे मला नेहमीच आवडत आलंय. ७८६ च्या नंबराला काही जण हौसेनं थोडे जास्त देतात, ती श्रद्धेची किंमत आहे, बाजाराची नव्हे. आणि कुठलीही नोट विचित्र वाटली तर आधी ती खरी आहे का हे बघा: जलचिन्ह, धागा, शंभर आणि त्यावरच्या नोटेची खरखरीत छपाई. खोटी निघाली तर बँक शिक्का मारून ठेवून घेते आणि पावती देते, पैसे देत नाही. खोटी आहे हे कळल्यावर ती पुढं खपवणं हा गुन्हा आहे.

आजेसासऱ्यांची नोट मला सगळ्यांत मोलाची वाटते, मी रुपयांत बोलत नाहीये. फोटोत ‘बांको नासिओनाल उल्ट्रामारिनो’ आणि ‘इंडिया पोर्तुगेझा’ वाचता येतं. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात गोव्याच्या नोटा ह्याच बँकेच्या होत्या. खाली ६० एस्कुदो दिसतंय, तारीख २ जानेवारी १९५९. त्याआधी गोव्यात रुपिया चालत होता. तो बदलून एस्कुदो आणले तेव्हा सहा एस्कुदोंचा एक रुपिया धरला, म्हणून ३०, ६०, ३००, ६०० असे आज चमत्कारिक वाटणारे आकडे नोटांवर आले. तुमची नोट म्हणजे दहा रुपियांची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि हे चलन सुरू झाल्यापासून अवघ्या तीन वर्षांत संपलं. जांबोटी-चोर्ल्याच्या वाटेनं कामाला गेलेल्यांच्या घरांत अशा नोटा अजून निघतात, म्हणून त्या अगदीच अप्राप्य नाहीत. पण संग्राहक त्या आवडीनं घेतात. तुमच्या नोटेला मधे घडी आहे आणि एका कडेला टाचणीची भोकं आहेत. त्यानं किंमत उतरते, तरी एवढ्या जुन्या, वापरलेल्या नोटेत ते चालवून घेतात. कुणी शंभर-दोनशेला मागितली तर देऊ नका.

ट्रंक अजून चाळणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. राजाच्या चित्राची नोट निघाली तर सही बघा. सी. डी. देशमुखांची सही असेल तर ती १९४३ ते १९४९ च्या दरम्यानची, रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांच्या काळातली. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा निघाल्या तर मोजून बघा: कायद्यानं सगळ्या मिळून दहापर्यंत ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीस. त्याहून जास्त ठेवल्यास दंड आहे, आणि ‘बदलून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

राहिली चांदणीची पाचशेची नोट. ती खरी आहे. छपाईत एखादी नोट बिघडली तर तिच्या जागी गड्डीत चांदणीची नोट घालतात, गड्डीतल्या शंभर नोटांचा आकडा पुरा व्हावा म्हणून. पूर्वी त्याच नंबराची नोट पुन्हा छापावी लागे. दहा, वीस, पन्नासच्या नोटांत ही पद्धत २००६ मध्ये आली, पाचशेच्या नव्या नोटांत २०१६ मध्ये. जुलै २०२३ मध्ये ती खोटी असल्याचा निरोप मोबाईलवर फिरला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं ती पूर्ण चलनी असल्याचं जाहीर सांगितलं. एवढ्या संख्येनं छापलेल्या ह्या नोटेला वापरून मऊ झाल्यावर जादा किंमत येत नाही, म्हणून जपून ठेवायची गरज नाही. गिऱ्हाईक घेत नसेल तर वाद घालू नका, दुकानाच्या भरण्यात बँकेत भरून टाका. तिथं ती बिनतक्रार घेतली पाहिजे.